पडलेल्या वेशीचा चौक

मुंबईच्या फोर्टातल्या भर रहदारीत दीडशेच्या आसपास वर्षे उभी असलेली फ्लोरा मुळात तिथे उभी राहायचीच नव्हती. ती रोमन लोकांची फुलांची आणि वसंताची देवता, त्यामुळे तिची नेमणूक रीतसर एका बागेत झाली होती. भायखळ्याची राणीची बाग 1862 साली खुली झाली. बाग उभारणाऱ्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीला तिथे एक देखणे कारंजे हवे होते आणि त्याला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव द्यायचे होते. आराखडा केला लंडनच्या रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी, मूर्ती घडवल्या जेम्स फोर्सिथ यांनी, दगड आला इंग्लंडातल्या पोर्टलंडचा. खर्च गेला 47,000 रुपयांच्या घरात. त्यातले 20,000 कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. एवढे सगळे झाल्यावर कारंजे काही बागेत गेले नाही. ते येऊन बसले कोटाच्या तटाला नुकत्याच पडलेल्या एका भगदाडात. फ्रियरसाहेबांचे नावही त्याला चिकटले नाही. लोक शिखरावरच्या बाईकडे बघून तिचेच नाव घेऊ लागले.

ते भगदाड म्हणजे चर्चगेट. कंपनी सरकारने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या वसाहतीभोवतीचा तट पुरा केला आणि त्याला तीन दरवाजे ठेवले: उत्तरेला बाजारगेट, दक्षिणेला अपोलो गेट आणि पश्चिमेला, सेंट थॉमसच्या चर्चकडून येणाऱ्या रस्त्याच्या टोकाला, चर्चगेट. तटाबाहेर खंदक. खंदकापलीकडे, तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून मोकळे ठेवलेले एस्प्लनेडचे मैदान. रात्री दरवाजे बंद होत. आत राहिला तो आत, बाहेर राहिला तो बाहेर. आज चर्चगेटला रोज लाखो माणसे गाडीतून उतरतात, त्यांतल्या कुणीही ते गेट पाहिलेले नाही. स्टेशनच मुळी 1870 सालचे, तोवर दरवाजा जाऊन काही वर्षे झाली होती. मुंबईत इमारत पाडली तरी तिचे नाव राहते, आणि वेळ पडली तर ते पश्चिमेला सरकूनही राहते.

वेशीच्या आतल्या शहराचा मध्य मात्र वेगळा होता आणि तो दाखवायला बोट पुरे होते. सेंट थॉमसच्या चर्चसमोर एक मोकळे आवार होते, त्याला इंग्रज बॉम्बे ग्रीन म्हणत. तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग पडत. पूर्वेच्या बाजूला 1833 साली टाउन हॉल पुरा झाला, आणि 1850च्या दशकात मूठभर दलाल त्याच्यासमोर वडाच्या झाडाखाली उभे राहून शेअरांचे सौदे करू लागले. पुढचा मुंबई शेअर बाजार त्या सावलीतून निघाला. शहरातली अंतरेसुद्धा याच चर्चपासून मोजली जात. चर्चपासून इतके मैल, असे कोरलेले काळे दगड रस्त्यांच्या कडेला अजूनही कुठे कुठे सापडतात. याच आवाराचे पुढे एल्फिन्स्टन सर्कल झाले आणि स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल. बेंजामिन हॉर्निमन म्हणजे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे ते संपादक, ज्यांना सरकारने 1919 साली हद्दपार केले होते. नाव बंडखोराचे, पण सर्कल इतके नेटके, गोल आणि कुंपणबंद की तिथे बंडाची आठवण यायची नाही.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली छापून आले. मराठीत या शहरावर लिहिलेले ते पहिले मोठे पुस्तक. त्याचा मुहूर्त चमत्कारिक होता: ज्या कोटातल्या मुंबईचे वर्णन माडगावकर करत होते, तिचा तट त्याच सुमारास उतरवला जात होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, दक्षिणेकडच्या संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरात पैशाचा पूर आला होता. तटाचे लष्करी महत्त्व केव्हाच संपले होते. उरली होती ती कोंडी, खंदकातली घाण आणि आत दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांना हवा न मिळण्याची तक्रार. फ्रियर 1862 साली गव्हर्नर होऊन आले आणि त्यांनी तटाला हात घातला. मोकळ्या झालेल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. जुलै 1865मध्ये तेजीचा फुगा फुटला, बडे दलाल प्रेमचंद रायचंदांपासून लहानसहान कारकुनांपर्यंत सगळे आपटले, पण तोवर वेस पडलेली होती आणि ती कुणी पुन्हा बांधणार नव्हते. मैदानाच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट, तार ऑफिस अशी गॉथिक इमारतींची रांग उठली. कोट आणि मैदान जिथे एकमेकांना भिडत होते, नेमक्या त्या सांध्यावर कारंजे आले.

आता, याला चौक म्हणायचे का? पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाच्या मनातला चौक असा नसतो. तो देवळापुढे असतो, मंडईच्या तोंडाशी असतो, नाहीतर वाड्याच्या दरवाजासमोर. माणसे कशासाठी तरी तिथे येतात आणि म्हणून थांबतात. फाउंटनला देऊळ नाही, मंडई नाही, राजवाडा नाही. चारी अंगांनी रस्ते येतात आणि कारंज्याला वळसा घालून निघून जातात. ज्या अधिकाऱ्यांनी तो आखला त्यांच्या लेखी तो वाहतुकीचा बिंदू होता, शोभेसाठी मधे एक मूर्ती ठेवलेला. थांबायला त्यांनी जागाच ठेवली नाही. या चौकाच्या पुढच्या सगळ्या भानगडी इथून सुरू होतात, कारण मुंबईच्या लोकांना नेमके इथेच थांबायचे होते.

वाहते ठेवण्याची व्यवस्था मात्र पक्की होती. 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाब्याहून पायधुणीपर्यंत. 1907 साली विजेची ट्राम आली, 1926 साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस. ऑफिसला जाणारा कारकून, वकिलाच्या मागे कागदांचे गाठोडे घेऊन धावणारा अशील, बँकेचा पट्टेवाला, सगळ्यांच्या तोंडी ‘फाउंटन’. उत्तरेकडून येणारा हॉर्नबी रोड, म्हणजे आताचा दादाभाई नौरोजी मार्ग, इथेच येऊन संपतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींची पडवी ठेवणे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नियमाने बंधनकारक झाले. ऊन-पावसात माणसाला आडोसा मिळावा हा हेतू. फेरीवाल्यांनी तो हेतू लगेच ओळखला आणि मनापासून स्वीकारला.

सत्तेला चौकात पुतळे लावायची हौस असते आणि ती इथेही भागवली गेली. तार ऑफिसजवळ 1872 साली संगमरवरी राणी व्हिक्टोरिया बसली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची भेट. थोडे दक्षिणेला तिच्या मुलाचा घोड्यावरचा पुतळा आला, ज्याच्यामुळे त्या भागाला काळा घोडा म्हणतात. राणीच्या नशिबी 1896 साली भलतेच आले. चिंचवडच्या हरिभाऊ चापेकरांची मुले वडिलांच्या कीर्तनांच्या निमित्ताने मुंबईत येत-जात. त्यांनी एका रात्री पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. पुढच्याच वर्षी, याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्याच्या गणेशखिंडीत याच भावांनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मकथनात पुतळ्याची हकीकत लिहून ठेवली म्हणून ती कळली. तोवर पोलिसांना करणारा सापडला नव्हता. संगमरवरात मुरलेला तो डाग काढायला भलेभले हरले, शेवटी त्रिभुवनदास गज्जर या गुजराती रसायनतज्ज्ञाने तो काढला आणि त्यांचे नाव झाले. मुंबईच्या इतिहासात असे फार वेळा घडते: एकाच डागातून एकाला फाशी, दुसऱ्याला कीर्ती.

राणी आता त्या जागी नाही. घोड्यावरचा राजपुत्र 1965 साली हलवला गेला. दोघेही भायखळ्याला जाऊन पोचले, राणीच्या बागेच्या आवारात. फ्लोरासाठी ठरलेल्या बागेत शेवटी आई-मुलगा राहायला गेले, आणि बागेचेच नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले.

चौकाच्या पाठीला हायकोर्ट आहे. 1908च्या जुलैमध्ये तिथे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा फोर्टात शिरणारे रस्ते फौजेने आणि पोलिसांनी राखले होते. 22 तारखेच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगावाने तिला आपल्या हिशेबाने उत्तर दिले: वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवसांचा संप. 1930च्या 1 ऑगस्टला टिळक पुण्यतिथीची मिरवणूक फोर्टाकडे निघाली ती बोरीबंदरपाशी अडवली गेली. लोक परत गेले नाहीत. वल्लभभाई पटेल आणि पंडित मालवीय यांच्यासह ते रस्त्यावर बसले, रात्रभर पावसात बसले, आणि सकाळी पुढाऱ्यांना अटक करून लाठ्या चालवल्यावरच रस्ता मोकळा झाला. 1946च्या फेब्रुवारीत उठलेल्या नाविकांनी याच फोर्टातून घोषणा देत ट्रक फिरवले. तट पाडून सत्तर-ऐंशी वर्षे झाली होती, पण सरकारच्या डोक्यातला तट शाबूत होता. फोर्ट ‘आत’, गिरणगाव ‘बाहेर’. बाहेरचा माणूस कामाला आत आला तर चालेल, जमावाने आला तर वेशीवर थांबवायचा.

म्हणून 21 नोव्हेंबर 1955 रोजी जे घडले ते दुसरीकडे कुठे घडले असते असे वाटत नाही.

राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह महाराष्ट्र द्यायचे नाकारले होते. गुजरातसह द्विभाषिक राज्य आणि विदर्भ वेगळा, अशी त्याची शिफारस होती. काँग्रेसश्रेष्ठींनी त्यावर उतारा काढला तो आणखी कडू: तीन राज्ये, आणि त्यातले एक एकट्या मुंबई शहराचे. 20 नोव्हेंबरला चौपाटीवर मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटील आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही हे दोघांनीही अशा भाषेत सांगितले की श्रोत्यांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी शहरात हरताळ होता. गिरण्या बंद, गोद्या बंद, आणि माणसे विधानसभेकडे निघालेली. विधानसभा तेव्हा रीगल सिनेमासमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे, आता तिथे पोलिसांचे मुख्यालय आहे. बोरीबंदरहून चालत निघालेल्या माणसाला हॉर्नबी रोड, फाउंटन, काळा घोडा आणि मग कौन्सिल हॉल, असा सरळ रस्ता. फाउंटनपासून विधानसभा फार तर किलोमीटरभर.

तेवढा किलोमीटर कुणाला पार करू दिला नाही. लाठ्या झाल्या, अश्रुधूर झाला, मग गोळ्या. पंधरा माणसे मेली. मेलेल्यांत कामगार होते, पोरे होती; त्यांच्यापैकी कुणीही पुढारी नव्हता. जिथे चर्चगेटचा दरवाजा रात्री बंद व्हायचा, तिथेच पोलिसांची फळी उभी होती. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण शहरे आपली अडवण्याची ठिकाणे इतक्या सहज बदलत नाहीत. जिथे तट होता तिथे रस्ते अरुंद होऊन एकत्र येतात, आणि शंभर शिपायांना दहा हजारांना रोखायचे असेल तर अशीच जागा लागते.

दोन महिन्यांनी त्याहून वाईट आठवडा उगवला. 16 जानेवारी 1956 रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई केंद्रशासित राहील. त्यानंतरचे दिवस गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींनी कधी विसरले नाहीत; गॅलरीत उभ्या असलेल्या माणसालाही गोळी लागत होती. त्याच आठवड्यात आणखी एक भाषण आकाशवाणीवर झाले आणि त्याची सांगड या चौकाशी आहे, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. 19 जानेवारीला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशातली सर्वांत मोठी खासगी आयुर्विमा कंपनी ओरिएंटल. तिची उंच शिखरांची इमारत फाउंटनवर उभी आहे. म्हणजे ज्या चौकात माणसे पडली होती, तिथलीच सर्वांत दिमाखदार इमारत सरकारजमा होत होती, आणि ती घोषणा करणारा मंत्री कुलाबा जिल्ह्याचा खासदार होता, मराठी होता, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा द्यायच्या मनःस्थितीत होता. तो राजीनामा जुलैत झाला. लोकसभेत देशमुखांनी मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी का नाही, असे आपल्याच सरकारला विचारले. त्या चौकशीचे पुढे काही झाले नाही.

6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिची मोट बघितली की आजही नवल वाटते: कॉम्रेड डांगे आणि एस. एम. जोशी, प्रबोधनकार ठाकरे आणि दादासाहेब गायकवाड, सेनापती बापट आणि आचार्य अत्रे. इतर कुठल्याही विषयावर या मंडळींचे पाच मिनिटे पटले नसते. अत्र्यांनी नोव्हेंबरात ‘मराठा’ काढला आणि मराठीला शिव्यांचा एक नवा कोश मिळाला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर या शाहिरांचे आवाज मैदाने भरवत होते. 1957च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, मुंबई महापालिकाही समितीच्या हाती आली, समितीचे मो. वा. दोंदे आणि त्यांच्यानंतर कॉम्रेड मिरजकर महापौर झाले. 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

आणि फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. नामकरणाच्या वेळी सत्तेवर तोच पक्ष होता ज्याच्या सरकारने गोळ्या झाडल्या होत्या, आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे 1955च्या मोरारजींच्या मंत्रिमंडळात होते. ढोंग म्हणून हे सोडून द्यावे की शहाणपण म्हणून मानावे, यावर मराठी माणूस अजून वाद घालू शकतो. इतके खरे की चौकाला नाव दिल्याने प्रश्न मिटला. कुणी गोळीचा हुकूम दिला, कुठे दिला, किती फैरी झाडल्या, हे विचारायची पाळी संपली. दगडी स्मारक उभे राहिले: एक शेतकरी, एक कामगार, दोघांनी मिळून धरलेली मशाल. फ्लोराच्या नाजूक शिंपल्यांपासून आणि माशांपासून ते अगदी जवळ आहे, आणि शिल्पकलेच्या दृष्टीने ती दोन एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

स्मारकावरच्या यादीत मात्र एक गोष्ट आहे जी वाचणाऱ्याला थांबवते. हुतात्म्यांचा आकडा लोकांच्या तोंडी 105 असा बसला, पुढे यादीत भर पडली. त्यातले थोडेच या चौकात पडले. बहुतेक जण मुंबईच्या दुसऱ्या वस्त्यांत, काही नाशिकला, आणि काही बेळगावात आणि निपाणीत. ज्यांच्यासाठी हे स्मारक आहे त्यांच्यातल्या काहींची गावे आजही महाराष्ट्रात नाहीत. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीतली विरहाची कळ तीच होती, अपुऱ्या महाराष्ट्राची. दरवर्षी 1 मे आणि 21 नोव्हेंबरला मंत्री इथे पुष्पचक्र वाहतात, सीमाभागाविषयी एखादे वाक्य बोलले जाते, आणि मोटारींचा ताफा निघाल्यावर हवालदार शिट्टी मारून रहदारी सोडतो.

एरवी हा चौक हुतात्म्यांचा कमी आणि कारकुनांचा जास्त. चर्चगेटकडे जाणाऱ्या फुटपाथवर, तार ऑफिसच्या कडेला, जुन्या पुस्तकांचे ढीग लावून विक्रेते बसत आले. अभियांत्रिकीच्या गाइडाखाली एखादी जुनी पेंग्विन, तिच्याखाली पहिल्या पानावर कुणाची तरी सही असलेली मराठी कादंबरी. महापालिकेने त्यांना उठवले, ते परत बसले, पुन्हा उठवले, थोडे कमी परत बसले. मुंबईतल्या दोन-तीन पिढ्यांचे इंग्रजी वाचन या फुटपाथवर झाले आहे, आणि त्याचे श्रेय कुठल्या शिक्षणमंत्र्याकडे जात नाही. तार ऑफिसातली तार जुलै 2013मध्ये देशभर बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकांनी रांगा लावून आपल्याच घरी तारा केल्या.

मोर्चाचे काय झाले, हे सांगायला हवे. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे मुंबईतला मोर्चा म्हणजे काळ्या घोड्यापर्यंत जाणारा मोर्चा. तिथे अडवायचे, शिष्टमंडळ आत जायचे, निवेदन द्यायचे, घोषणा देऊन पांगायचे. दोन्ही बाजूंना पाठ असलेला खेळ. 1981 साली विधानभवन नरिमन पॉइंटला गेले आणि मोर्चे चर्चगेटच्या बाजूला वळले. तिथल्या रहिवाशांची संस्था गोंगाट आणि कोंडीची तक्रार घेऊन हायकोर्टात गेली. 1997च्या आदेशानंतर निदर्शनांची जागा आझाद मैदानाचा एक ठरावीक तुकडा अशी नेमून दिली गेली. रहिवाशांचे म्हणणे खोटे नव्हते. दारासमोर रोज लाउडस्पीकर लागला तर कुणालाही राग येईल. तरी त्या निकालाने जे झाले ते तटबंदीच होती, वेस फक्त उत्तरेला सरकली. मार्च 2018मध्ये नाशिकहून किसान सभेचे हजारो शेतकरी चालत आले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून ते सोमय्या मैदानावरून रात्रीच निघाले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसले. पायाला फोड आलेल्या त्या माणसांचे शहराने फार कौतुक केले. त्या कौतुकातला थोडा भाग, प्रामाणिकपणे बोलायचे तर, रहदारी न अडवल्याबद्दल होता.

चौकाच्या मधल्या जागेचा मोठा हिस्सा दरम्यान मोटारींच्या पार्किंगने खाल्ला होता. फ्लोराची दशा त्याहून केविलवाणी. पोर्टलंडचा दगड समुद्राच्या हवेत झिजत होता आणि त्याच्यावर उपाय म्हणून पालिका त्याला तैलरंग फासत होती, एकावर एक थर, घरातल्या लोखंडी कपाटाला फासावा तसा. आतल्या नळ्या तुंबलेल्या, पाणी बेपत्ता. 2010च्या दशकाच्या उत्तरार्धात वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली रंग उतरवण्याचे काम सुरू झाले आणि खालून कोरीव चेहऱ्यांचे नाक-डोळे बाहेर आले. भोवतालची जमीन खणताना मजुरांच्या पहारीला रूळ लागले. शेवटची ट्राम 31 मार्च 1964च्या रात्री धावली होती. रूळ उपटण्याचे कष्ट न घेता त्यावर डांबर ओतले गेले होते. ते रूळ आणि खालच्या काळ्या दगडांचा काही भाग तिथेच मांडून ठेवला आहे. 2019च्या सुरुवातीला कारंजे पुन्हा सुरू झाले, मोटारी मागे हटल्या, आणि आखणाऱ्यांनी जे कधीच दिले नव्हते ते पहिल्यांदा थोडेफार मिळाले: बसायला जागा. दुपारच्या सुट्टीत डबा उघडलेली माणसे, फोनवर बोलणारे वकील, फोटो काढणारी कॉलेजची मुले. सुरक्षारक्षक मधूनमधून कुणाला तरी उठवतो. त्याला तसे सांगितलेले असते.

ऑक्टोबर 2025मध्ये खालून मेट्रो सुरू झाली. कफ परेडकडे जाणाऱ्या गाडीत वरळीला आचार्य अत्रे चौक हे स्टेशन लागते, पुढे काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि मग हुतात्मा चौक. त्यानंतर चर्चगेट. त्यानंतर विधानभवन. अत्र्यांच्या नावापासून निघून हुतात्म्यांच्या नावाखालून विधानभवनाला जाणारी ही गाडी ज्याने आखली त्याच्या मनात 1955 साल होते असे मानायला काही आधार नाही. त्याच्या नकाशात लोकवस्ती, ऑफिसे आणि जमिनीखालचा खडक एवढेच असणार. पण सकाळी साडेनवाला गच्च भरलेल्या डब्यात दाराशी उभा असलेला माणूस बोरीबंदरहून चढतो आणि तिसऱ्या स्टेशनला विधानभवनावर उतरतो. वाटेत त्याला कुणी अडवत नाही. त्याच्याकडे तिकीट असते, गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र असते, आणि विधानभवनाकडे न वळता तो लिफ्टच्या रांगेत जाऊन उभा राहतो.